बोंडअळी आणि बांधावरचे पाकीट

विदर्भ-मराठवाड्यातील कापूसपट्ट्याच्या कोणत्याही गावात जाऊन बोंडअळीविषयी विचारले, तर दोन उत्तरे हमखास मिळतात. शेतकरी म्हणतो, "अळीला आता बीटीची सवय झाली." आणि तालुक्याच्या ठिकाणचा कृषिसेवा केंद्राचा मालक किंवा एखादा अधिकारी म्हणतो, "शेतकऱ्यांनी सांगितलेले ऐकले नाही. नॉन-बीटीचे पाकीट बांधावर फेकून दिले. मग अळी येणारच." पहिल्या उत्तरात सारा दोष निसर्गाकडे जातो, दुसऱ्यात तो शेतकऱ्याकडे जातो. ज्यांनी बियाणे बनविले, ज्यांनी ते विकले आणि ज्यांनी ते विकू दिले, त्यांचे नाव मात्र दोन्ही उत्तरांत कोठेच येत नाही.

प्रश्न शास्त्राचा आहे असे म्हणून तो शास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याची खोड आपल्या चळवळीलाही आहे. हमीभाव, कर्जमाफी, नुकसानभरपाई हे आपले विषय आणि अळी हा कृषी विद्यापीठाचा विषय, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. ही वाटणी चुकीची आहे. सजीवांची संख्या कशी वाढते, ती कशी पसरते आणि पिढ्यानपिढ्या ती आतून कशी बदलत जाते, हे समजल्याखेरीज कापूस उत्पादकाच्या लुटीचा निम्मा भाग आपल्याला समजणार नाही.

वाढ : हिशेब आणि अंकुश

गुलाबी बोंडअळीचा पतंग लहानसा, करड्या रंगाचा असतो. त्याची मादी साधारणपणे शंभर ते दोनशे अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच पातीत, फुलात किंवा बोंडात शिरते, आत सरकी खात वाढते, कोष करते आणि सुमारे महिन्याभरात नवा पतंग तयार होतो. आता साधा हिशेब करू. एका मादीची दीडशे अंडी धरली आणि त्यांतील निम्म्या माद्या धरल्या, तर पहिल्या पिढीत ७५, दुसरीत ५,६२५, तिसरीत ४,२१,८७५ आणि चौथ्या पिढीत ३ कोटी १६ लाखांहून अधिक माद्या होतील. खरीप हंगामात चार पिढ्यांना पुरेसा वेळ असतो.

प्रत्यक्षात असे कधीच होत नाही. कोळी, पक्षी, अळीवर जगणाऱ्या गांधीलमाशा, ऊन, थंडी आणि सर्वांत मोठे म्हणजे अन्नाची टंचाई हे अंकुश वाढ रोखून धरतात. ज्या जातीची संख्या वर्षानुवर्षे स्थिर राहते, तिच्या दीडशे अंड्यांपैकी सरासरी दोनच जीव पुढची पिढी घडविण्यापर्यंत पोहोचतात. हाच हिशेब माल्थसने १७९८ मध्ये माणसाला लावला आणि दारिद्र्याचे खापर दरिद्री माणसाच्या पोरवड्यावर फोडले. त्या युक्तिवादाची विषारी फळे आपल्या देशाने १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीच्या रूपाने पाहिली आहेत. डार्विनने १८३८ मध्ये माल्थस वाचला, पण त्यातून त्याने वेगळाच प्रश्न उचलला. जन्मलेल्यांपैकी बहुतेक मरणार असतील, तर उरतात ते कोण?

या प्रश्नाकडे येण्यापूर्वी गुलाबी बोंडअळीवरचा मुख्य अंकुश लक्षात घेतला पाहिजे. हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी कापसाखेरीज तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवरही जगते. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ संपूर्णपणे कापसावरच अवलंबून असते. भेंडीसारखी कापसाच्या कुळातील एखादी वनस्पती सोडली, तर तिला दुसरे अन्न नाही. शेतात कापूस नसेल त्या काळात ती सरकीत किंवा वाळलेल्या बोंडात झोपून राहते. शास्त्रात याला सुप्तावस्था म्हणतात. कापसाविना जाणारे हे महिने जितके अधिक, तितक्या अळ्या मरतात. उलट वर्षातले नऊ महिने पऱ्हाटी शेतात उभी ठेवली, की हा अंकुश आपणच काढून घेतो.

प्रसार : सरकीबरोबरचा प्रवास

या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये भारतातून, भरूच परिसरातील कापसावरून गेलेल्या नमुन्यांवर झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती भारतीय सरकीबरोबर इजिप्तमध्ये पोहोचली. तेथून १९११ च्या सुमारास ती मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये गेली. पतंग समुद्र ओलांडून उडत गेला नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, त्यासाठी साम्राज्याने एका खंडातील बियाणे दुसऱ्या खंडात पेरले आणि त्या सरकीच्या पोत्यात झोपलेली अळी बोटीने गेली.

ही जुनी कथा आहे असे समजण्याचे कारण नाही. पंजाब, हरियाणा आणि उत्तर राजस्थान या पट्ट्यात २०१८ पर्यंत बीटी कापसावर गुलाबी बोंडअळीचा उपद्रव फारसा नव्हता. त्या सुमारास ती हरियाणात जिनिंग आणि सरकीच्या तेलगिरण्यांच्या आसपास आढळली आणि २०२१ मध्ये दक्षिण पंजाबच्या माळव्यात तिने मोठे नुकसान केले. इतर राज्यांतून गिरण्यांकडे येणाऱ्या सरकीबरोबर ती आली असावी, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. बोट जाऊन ट्रक आला, एवढाच फरक.

बदल : सवय नव्हे, निवड

आता "अळीला सवय झाली" या वाक्याकडे येऊ. दारू पिणाऱ्याला दारूची सवय होते तशी अळीला विषाची सवय होत नाही. बीटी कापसातील प्रथिन खाऊन जी अळी मरायची ती मरतेच. ती काही शिकत नाही. बदलते ती अळ्यांची जमात. लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच अशी असते, की तिच्या आतड्याच्या रचनेतील फरकामुळे ते प्रथिन तिला बाधत नाही. एरवी या फरकाचा तिला काही उपयोग नसतो. परंतु चहूकडे बीटीच पेरले, की बाकीच्या मरतात, ही उरते आणि पुढच्या पिढ्या तिच्या होतात.

या निवडीचे गणित मांडणाऱ्यांत जे. बी. एस. हाल्डेन हे नाव अग्रगण्य आहे. 'डेली वर्कर' मध्ये कामगारांसाठी विज्ञानलेख लिहिणारा हा मार्क्सवादी शास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आला, येथलाच नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारला. मँचेस्टरच्या परिसरात १८४८ मध्ये एका फिकट रंगाच्या पतंगाचा काळा प्रकार आढळला होता. गिरण्यांच्या धुराने झाडांचे बुंधे काळे पडले, फिकट पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले आणि शतक संपेपर्यंत तेथील जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. एवढा बदल एवढ्या काळात होण्यासाठी निवडीचा जोर किती असावा लागेल, हे हाल्डेन यांनी १९२४ मध्ये गणिताने दाखविले. तो जोर त्या काळच्या शास्त्रज्ञांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ मोठा निघाला. पुढे १९५६ च्या कायद्यानंतर इंग्लंडची हवा निवळू लागली आणि फिकट पतंग पुन्हा वाढू लागले. परिस्थिती माणसाने घडविलेली असेल, तर ती पालटणेही माणसाच्या हाती असते, हा या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे.

बोंडअळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. बीटीला न जुमानण्याचा गुण सामान्यतः आई आणि बाप या दोघांकडून आला, तरच अळी वाचते. एकाकडून आला तर ती मरते. समजा, हा गुणांश हजारात एक आहे. तर दोन्हीकडून तो मिळालेली अळी दहा लाखांत एक निघेल. बीटीच्या शेतातून अशा मोजक्याच अळ्यांचे पतंग होतील. त्यांना जोडीदार म्हणून शेजारच्या साध्या कापसातून आलेले हजारो सामान्य पतंग मिळाले, तर त्यांची संतती अर्धवट गुणाची निघेल आणि बीटी खाऊन मरेल. पण शेजारी साधा कापूसच नसेल, तर वाचलेल्यांना वाचलेलेच जोडीदार मिळतील आणि दोन्हीकडून गुण आलेली फौज तयार होईल. बीटीच्या शेताभोवती साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम याच हिशेबावर आधारलेला आहे. किडीची, विषाने मरण्याची क्षमता टिकविण्यासाठी काही कीड जाणीवपूर्वक जगू द्यावयाची, असा तो नियम आहे.

नियम कागदावर, पाकीट बांधावर

मोन्सँटो कंपनीच्या तंत्रज्ञानाच्या बीटी कपाशीला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. भोवती पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा साधा कापूस लावावा, अशी अट घातली गेली. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅमचे नॉन-बीटीचे पाकीट देण्यात आले. ती अट पाळणार कोण, याचा विचार मात्र कोणी केला नाही.

पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी घ्या. सुरुवातीच्या वर्षांत त्याने एका पाकिटाला सोळाशे रुपयांहून अधिक किंमत मोजली, तीही बहुधा सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या उधारीवर. आता त्याला सांगितले गेले, की एक एकर कापूस अळीसाठी सोड. त्या एकराचे नुकसान त्याचे एकट्याचे. त्यातून निघालेल्या सामान्य पतंगांचा फायदा मात्र साऱ्या पंचक्रोशीचा, कारण पतंग बांध ओळखत नाहीत. त्याने नियम पाळला आणि शेजाऱ्यांनी पाळला नाही, तर हाती काहीच लागणार नाही. शेजाऱ्यांनी पाळला आणि त्याने पाळला नाही, तर फायदा त्यालाही आपोआप मिळेल. अशा स्थितीत पाकीट बांधावर पडले, तर त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही. ज्याचे पोट हंगामावर आहे त्याने केलेला तो अचूक हिशेब होता. सार्वजनिक हिताचा भार एकेकट्या शेतकऱ्याच्या माथी टाकणारी व्यवस्थाच चुकीची होती.

दुसरी चूक संकरित वाणांची. जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, हा १९७० मध्ये सुरतेच्या सरकारी संशोधन केंद्रातूनच बाहेर पडला, याचा आपल्याला अभिमान आहे. म्हणून संकराला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. परंतु बीटीचे तंत्रज्ञान या देशात जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांतच का आले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सरळ वाणाची सरकी शेतकरी राखून पुन्हा पेरू शकतो. संकरिताचे तसे नसते. दरवर्षी दुकानाची पायरी चढावीच लागते. हे वाण बहुतांशी दीर्घ मुदतीचे, सहा महिने आणि त्याहून अधिक काळ उभे राहणारे होते. पीक शंभर-सव्वाशे दिवसांचे झाले, की झाडातील बीटी प्रथिनाचे प्रमाण घटत जाते. म्हणजे हंगामाच्या उत्तरार्धात, अळीच्या पिढ्या वाढत असताना, तिला अर्धवट मात्रा मिळत राहते आणि अर्धवट गुणाची अळीही वाचू लागते. त्यावर पाण्याची सोय असलेल्या शिवारांत मार्चपर्यंत फरदड घेतली गेली. भाव पडलेले, खर्च वाढलेला. आणखी दोन क्विंटल निघतील या आशेने घेतलेली ती फरदड होती.

परिणाम ठरलेलाच होता. मार्च २०१० मध्ये कंपनीने स्वतःच जाहीर केले, की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. कारणे सांगितली ती आश्रय-ओळी न लावल्याची आणि बेकायदा बियाण्याची. उपाय म्हणून २००६ पासून बाजारात असलेले दोन जनुकांचे बियाणे पुढे करण्यात आले. पुढच्या पाच वर्षांत त्याचीही तीच गत झाली. २०१५ मध्ये गुजरातेत आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात दोन्ही जनुकांना न जुमानणारी अळी सर्वत्र पसरली. त्या वर्षी डोमकळ्यांनी भरलेली शेते आणि कवडी झालेली बोंडे ज्यांनी पाहिली, त्यांना आकडेवारी सांगण्याची गरज नाही.

त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. डोक्यावर गेलेली पऱ्हाटी, एकात एक मिसळलेली औषधे, अंगावर संरक्षक कपडा नाही, आणि मजुरी मात्र पंपावर मोजलेली. फवारणी एकाच किडीसाठी होत नव्हती, हे खरे. पण कीटकनाशकांचा खर्च आणि धोका कमी करण्याचे आश्वासन देऊन आलेल्या तंत्रज्ञानाच्या पंधराव्या वर्षी माणसे फवाऱ्याखाली मेली, हेही खरे आहे. शिवाय गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली, की बाहेरचे औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा तिच्यासाठी होणारी उशिराची फवारणी पुष्कळदा दुकानदाराच्या गल्ल्याखेरीज कोणाच्याच कामी येत नाही.

दोन परदेशी दाखले

येथे कोणी म्हणेल, की हा तंत्रज्ञानाला आंधळा विरोध आहे. तसे नाही. पहिल्या काही वर्षांत अमेरिकन बोंडअळीवरील फवारण्या बीटीमुळे कमी झाल्या, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुद्दा तंत्र कोणाच्या हाती होते आणि ते कसे वापरले गेले, हा आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९९६ मध्ये बीटी कापूस आला. तेथे आश्रय-क्षेत्राचा नियम कसोशीने पाळला गेला आणि सुमारे दहा वर्षे गुलाबी बोंडअळीचा प्रतिकार वाढला नाही. २००६ पासून सरकार आणि उत्पादकांच्या संघटनांनी मिळून प्रयोगशाळेत वाढविलेले कोट्यवधी वंध्य पतंग विमानांतून शेतांवर सोडले. सामान्य मादीला वंध्य नर मिळाला, की तिची पिढी तेथेच खुंटते. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याने आपला कापूस या किडीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. भांडवलशाहीची राजधानी असलेल्या देशात हे यश व्यक्तिगत स्पर्धेने मिळाले नाही. सामूहिक शिस्तीने आणि सार्वजनिक खर्चाने मिळाले. बाजाराची महती आपल्याला ऐकविणारे एवढा भाग सांगावयाचे विसरतात.

दुसरा दाखला चीनच्या यांगत्से खोऱ्यातला. तेथे संकरिताच्या दुसऱ्या पिढीचे स्वस्त बियाणे मोठ्या प्रमाणावर पेरले जाऊ लागले. या पिढीतील सुमारे एकचतुर्थांश झाडे बीटी नसतात. साहजिकच आश्रयाची झाडे शेतातच मिसळली गेली. आधी वाढत असलेला बोंडअळीचा प्रतिकार त्यानंतर उलट घटत गेला. शेतकऱ्यावर ना वेगळे पाकीट लादावे लागले, ना बांधावर पहारा ठेवावा लागला. बदललेली जमात पुन्हा बदलू शकते, हे यातून दिसते.

आपले काम

विषाने मरण्याची किडीची क्षमता ही एक प्रकारची सामाईक संपत्ती आहे. गायरान किंवा गावतळे असते तशीच. ती कोणा एकाने निर्माण केलेली नाही आणि एकट्याला राखता येत नाही. गायरान एकाने चरून संपविले, तर आपण त्याला अतिक्रमण म्हणतो. येथे कंपन्यांनी प्रत्येक पाकिटावर शुल्क घेत ही सामाईक संपत्ती दहा-पंधरा वर्षांत चरून संपविली आणि कुरण उजाड झाल्यावर दोष गुरांना दिला. सरकार राखणदार होते. त्याने कागद पाहिले, शिवार पाहिले नाही. सार्वजनिक संस्थांनी स्वतःचा बीटी सरळ वाण आणण्याचा प्रयत्न २००९ मध्ये केला, पण तो लगेच मागे घ्यावा लागला आणि चौकशीत त्यात कंपनीचाच जनुक आढळला. सार्वजनिक संशोधन किती खिळखिळे झाले आहे, हे त्यातून उघड झाले. ते पुन्हा उभे करण्याची मागणी आपल्यालाच करावी लागेल, दुसरे कोणी करणार नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, लवकर निघणाऱ्या सरळ वाणांचे, राखून पेरता येणारे बियाणे सार्वजनिक संस्थांनी पुरेशा प्रमाणात पुरवावे. दुसरी, साधा कापूस लावणाऱ्याचे नुकसान सर्वांनी, म्हणजे शासनाने आणि बियाणे कंपन्यांनी, भरून द्यावे. तिसरी, कोणत्या तालुक्यात अळी कोणत्या बियाण्याला दाद देत नाही, याची दरवर्षीची तपासणी हंगामापूर्वी गावात जाहीर व्हावी. चौथी, फवारणी करणाऱ्या मजुराला संरक्षक साधने देणे आणि त्याच्या अपघाताची भरपाई करणे कायद्याने बंधनकारक व्हावे.

पण मागणीपत्रक देऊन आपले काम संपत नाही. जो उपाय एका शेतात निष्फळ ठरतो तोच गावाने मिळून केला, तर गुणकारी ठरतो. २०१७ च्या आपत्तीनंतर हे आपल्याकडेही दिसले. शेतकरी, कृषिखाते आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ एकत्र आले तेथे २०१८ मध्ये उपद्रव घटला. पावसापूर्वीची पेरणी कोणी करू नये, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटाव्यात, जनावरांना चारून अवशेष नष्ट करावेत, फरदड साऱ्या शिवारात बंद व्हावी, जिनिंगच्या आवारात पडलेली सरकी साफ व्हावी, कामगंध सापळे सर्वांनी एकाच वेळी लावावेत. यांतली एकही गोष्ट एकेकट्याने होणारी नाही. फरदड सोडल्याने ज्याचा चुलीचा हिशेब बिघडतो, त्याला गावाने आणि शासनाने आधार दिल्याखेरीज ती बंद होणारही नाही. येथे उपदेशकाचे काम नाही. संघटकाचे काम आहे.

येत्या हंगामापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या कापूसगावांत एक तरी सभा याच विषयावर घ्यावी. त्या सभेत पहिल्या रांगेत फवारणी करणारा मजूर आणि वेचणी करणाऱ्या बायका असाव्यात, कारण अळी सर्वांत आधी त्यांना दिसते. तेथे कोणी म्हणाले, "अळीला सवय झाली," तर कार्यकर्त्याने फळ्यावर खडूने तो पंचाहत्तरचा हिशेब मांडावा आणि विचारावे : उरल्या त्या का उरल्या, आणि त्यांना कोणी उरू दिले?